जुन्या संगणकाला नवी डिस्क : एसएसडीचा भाव, वेग आणि आपला धंदा

संगणक मंद झाला म्हणजे तो म्हातारा झाला, आता नवा घ्यावा, असा समज आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांत सर्रास आढळतो. मदनपुऱ्यात भरतकामाची डिझाइन्स पंच करणारे, गिरगावात लग्नपत्रिका जुळवणारे, परळ-लालबागला फ्लेक्स छापणारे, दादरला लग्नाचे फोटो व व्हिडिओ तयार करणारे, या सर्वांचा धंदा आज संगणकावर उभा आहे. रमजान किंवा लग्नसराईच्या ऐन हंगामात गिऱ्हाईक समोर बसलेले असते आणि पडद्यावर नुसते चक्र फिरत राहते. मग कोणीतरी सांगतो, नवी मशीन घेऊन टाका. रोख नसेल तर हप्ते आहेतच, आणि हप्त्याच्या पोटात व्याजही आहे. पुष्कळदा या खर्चाची गरजच नसते. मंद झालेला असतो तो संगणक नव्हे, तर त्यातला एकच भाग : हार्ड डिस्क. तो भाग बदलून तिथे एसएसडी बसवली की तीच मशीन आणखी काही वर्षे चांगले काम देते. मात्र एसएसडी घेताना कोणत्या आकड्याला किंमत द्यायची आणि कोणत्या आकड्याला भुलायचे नाही, हे समजून घेतले पाहिजे.

प्रथम हार्ड डिस्क मंद का, ते पाहू. तिच्यात चकचकीत तबकड्या फिरतात आणि ग्रामोफोनच्या सुईसारखा एक हात त्यांच्यावरून इकडे तिकडे सरकतो. नेहमीची तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ८ मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती हाताखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा जातो, आणि हात योग्य जागी पोहोचायला आणखी ८-९ मिलिसेकंद लागतात. म्हणजे एक तुकडा शोधायला १२-१३ मिलिसेकंद गेले. ऐकायला हे थोडे वाटते, पण या हिशोबाने डिस्क सेकंदाला जेमतेम ८० तुकडे शोधू शकते. संगणक सुरू होताना किंवा फॉन्टनी भरलेले पत्रिकेचे सॉफ्टवेअर उघडताना असे हजारो लहान तुकडे जागोजागहून गोळा करावे लागतात. प्रोसेसर हात बांधून बसतो आणि तबकडी फिरत राहते. लॅपटॉपमधील डिस्क तर बहुधा ५,४०० फेऱ्यांची, त्याहूनही संथ.

एसएसडीत फिरणारे काहीच नाही. चिपमधील अतिसूक्ष्म कप्प्यांत विद्युतभार कोंडून ठेवलेला असतो आणि वीज बंद केली तरी तो टिकतो. या फ्लॅश मेमरीचा शोध जपानच्या तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांचा. आज एसएसडीत वापरला जाणारा नॅन्ड हा प्रकार १९८७ मध्ये जगापुढे मांडला गेला. हात सरकवण्याची भानगड नसल्यामुळे इथे एक तुकडा मिळायला एक दशांश मिलिसेकंद किंवा त्याहूनही कमी वेळ लागतो. सेकंदाला ऐंशी तुकडे कुठे आणि हजारो कुठे! सगळा फरक इथे आहे.

मग ही चीज इतकी वर्षे आपल्यापर्यंत का पोहोचली नाही? कारण एकच, भाव. १९९१ मध्ये सॅनडिस्क कंपनीने, जिचे नाव तेव्हा सनडिस्क होते, आयबीएमसाठी २० एमबीची एसएसडी बनवली. तिची किंमत सुमारे १,००० डॉलर होती. म्हणजे एका एमबीला ५० डॉलर! आज मोबाइलवर काढलेले चार-पाच फोटो तिच्यात मावले असते. या कंपनीच्या तीन संस्थापकांपैकी एक कानपूरचे संजय मेहरोत्रा. पुढे २०१७ पासून ते मायक्रॉन या बड्या चिप कंपनीचे प्रमुख झाले. त्या कंपनीचा उल्लेख पुन्हा येणार आहे.

सामान्य ग्राहकाला हात लावता येईल अशी एसएसडी इंटेलने सप्टेंबर २००८ मध्ये आणली. ८० जीबीच्या त्या डिस्कचा घाऊक भाव ५९५ डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे २७,००० रुपये होता. एवढ्यात तेव्हा चांगला संगणक आला असता. ती विकत घेणारे म्हणजे संगणकाचे शौकीन, जे स्वतःच्या हाताने मशीन जुळवतात आणि प्रत्येक भागाचा वेग मोजून बघतात. पुढच्याच वर्षी, जुलै २००९ मध्ये, नव्या पिढीची तेवढीच डिस्क २२५ डॉलरला आली. २०११ मध्ये थायलंडमध्ये महापूर आला, हार्ड डिस्कचे कारखाने पाण्याखाली गेले आणि उलट हार्ड डिस्क महागली. दोन्हींच्या भावांतले अंतर तेव्हा प्रथमच नजरेत भरण्याइतके कमी झाले.

या शौकीन मंडळींनी महागाईच्या काळात एक युक्ती काढली, आणि ती आपल्या धंद्याला आजही तंतोतंत लागू पडते. त्यांनी संपूर्ण साठा एसएसडीवर हलवला नाही. लहानशी एसएसडी घेतली आणि तिच्यावर फक्त विंडोज व रोजची सॉफ्टवेअर ठेवली. फोटो, गाणी, जुनी कामे मोठ्या हार्ड डिस्कवरच राहू दिली. कापडाच्या दुकानात रोज लागणारे तागे हाताशी आणि बाकीचा माल माळ्यावर असतो, तसेच हे. पत्रिका छापणाऱ्याला किंवा भरतकामाचे डिझाइन करणाऱ्याला २४० किंवा ५०० जीबीची एसएसडी आणि सोबत असलेली जुनी हार्ड डिस्क एवढे पुरते. डिझाइनच्या फायली मुळात लहान असतात. एक-दोन टीबीच्या एसएसडीसाठी त्याने पैसे अडकवण्याचे कारण नाही.

आता वेगाच्या आकड्यांकडे वळू, कारण सर्वात जास्त फसगत इथेच होते. साध्या साटा जोडणीची एसएसडी सेकंदाला ५००-५५० एमबी वाचते. एनव्हीएमई प्रकारची तिसऱ्या पिढीची डिस्क ३,५०० एमबीपर्यंत, चौथ्या पिढीची ७,००० पर्यंत जाते, आणि पाचवी तर त्याहूनही पुढे. खोक्यावर हाच आकडा ठळक छापलेला असतो. पण हा वेग एकच मोठी फाइल सलग वाचण्याचा आहे. आपले रोजचे काम लहान तुकड्यांचे, आणि त्यात हार्ड डिस्ककडून साध्या एसएसडीकडे येताना जी झेप मिळते, तिच्यापुढे साध्याकडून महागड्या एसएसडीकडे जाताना मिळणारा फायदा किरकोळ आहे. हार्ड डिस्कवर दीड-दोन मिनिटांत सुरू होणारी मशीन साध्या एसएसडीवर पंधरा-वीस सेकंदांत सुरू होते. महागडी घेतलीत तर त्यातले फार तर दोन-चार सेकंद वाचतील. व्हिडिओ करणाऱ्यांची गोष्ट वेगळी. दादरच्या ज्या स्टुडिओत एकेका लग्नाचे शेकडो जीबी चित्रीकरण येते, तिथे सलग वेगाचे पैसे वसूल होतात.

जुन्या मशीनमध्ये दुसरा गोंधळ जोडणीचा होतो. एम.२ हे डिस्कच्या आकाराचे नाव आहे, वेगाचे नव्हे. त्याच लांबट पट्टीत साटाही मिळते आणि एनव्हीएमईही. जुन्या बोर्डांवर बहुधा एम.२ ची खाचच नसते, आणि असली तरी एनव्हीएमईवरून मशीन सुरू होईलच असे नाही. त्यामुळे दहा-बारा वर्षांच्या संगणकाला अडीच इंची साटा एसएसडी हाच बिनधोक मार्ग. बोर्ड जुन्या, अर्ध्या वेगाच्या साटाचा असला तरी चालते. फायदा मिळतोच. बाजारात जाण्यापूर्वी मशीनचे झाकण काढून बोर्डचे नाव व मॉडेल लिहून न्यावे.

स्वस्त आणि महाग मालातला खरा फरक चिपच्या आत आहे. पाण्याचा पेला भरलेला की रिकामा, हे कोणीही पटकन सांगेल. पण त्याच पेल्यात पाण्याच्या सोळा पातळ्या अचूक ओळखायच्या म्हटल्या तर वेळ लागेल आणि चूकही होईल. एका कप्प्यात एकच बिट ठेवले तर दोन पातळ्या पुरतात. तीन बिट ठेवली तर आठ लागतात, त्याला टीएलसी म्हणतात. चार ठेवली तर सोळा, ती क्यूएलसी. एकाच चिपमध्ये जास्त माल कोंबल्यामुळे क्यूएलसी स्वस्त पडते, पण लिहिताना मंद होते आणि लवकर झिजते. सुरुवातीचे काही जीबी ती झपाट्याने लिहिते. ती राखीव जागा भरली की काही डिस्कचा वेग हार्ड डिस्कइतका खाली येतो. जिच्यावर मुख्यतः वाचायचे आहे अशा साठ्याला क्यूएलसी ठीक. रोजच्या कामाच्या मुख्य डिस्कला टीएलसी मागावी, असे माझे मत आहे.

झिजेची भीती मात्र उगाच मोठी केली जाते. २४० जीबीच्या साध्या डिस्कवर कंपनी सुमारे ८० टीबी लिखाणाची हमी देते. आपण रोज २० जीबी लिहिले, आणि पत्रिकेच्या धंद्यात एवढे क्वचितच होते, तरी तो आकडा गाठायला ४,००० दिवस, म्हणजे जवळजवळ अकरा वर्षे लागतील. तोवर बाकीची मशीन भंगारात गेलेली असेल.

भावाचा स्वभावही व्यापाऱ्याने ओळखला पाहिजे. चिपचा भाव कांद्याच्या भावासारखा आहे. सगळे एकदम पिकवतात, भाव कोसळतो, मग सगळे एकदम हात आखडतात. २०२२ च्या अखेरीस मागणी मंदावली आणि २०२३ च्या मध्यात १ टीबीची डिस्क आपल्याकडे ४,००० रुपयांच्या आसपास आली. कंपन्यांनी उत्पादन घटवले, एप्रिल २०२३ मध्ये सॅमसंगनेही तेच जाहीर केले, आणि वर्षअखेरीस भाव वर सरकू लागले. २०२५ च्या उत्तरार्धात वेगळेच वारे सुटले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड केंद्रांनी मेमरीचा माल उचलायला सुरुवात केली आणि किरकोळ बाजारात भाव भडकले. त्याच मायक्रॉन कंपनीने डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर केले की ‘क्रुशल’ या नावाने चालणारा आपला किरकोळ ग्राहकांचा धंदा ती बंद करणार आणि माल फेब्रुवारी २०२६ पर्यंतच पाठवणार. विकलेल्या मालाची वॉरंटी पाळण्याचे तिने सांगितले आहे. म्हणून कालचा भाव मनात धरून दुकानदाराशी वाद घालण्यात अर्थ नाही. तसेच भाव आणखी चढतील या धास्तीने चार डिस्क घेऊन ठेवण्यातही नाही. ज्या मशीनवर रोज अर्धा-पाऊण तास वाया जातो, तिच्यासाठी एक लहान डिस्क चढ्या भावातही महिन्या-दोन महिन्यांत वसूल होते. आपल्या कारागिराच्या तासाचा मेहनताना धरून हा हिशोब ज्याने त्याने करून पाहावा.

खरेदीसाठी आपली पावले साहजिकच ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला वळतात. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असले तरी १९०३ ते १९०७ या काळातील गव्हर्नर लॉर्ड लॅमिंग्टन यांचे नाव लोकांच्या तोंडून गेलेले नाही. रेडिओच्या सुट्या भागांपासून संगणकापर्यंत या रस्त्याने सर्व काही विकले आहे, आणि वर्षानुवर्षे सचोटीने धंदा करणारे दुकानदार तिथे पुष्कळ आहेत. पण एसएसडीच्या महागाईबरोबर खोटा मालही सर्वत्र वाढतो, ऑनलाइन बाजारात तर फारच. एका प्रकारात डब्याच्या आत साधे मेमरी कार्ड असते आणि संगणकाला ते आपण २ टीबी असल्याचे सांगते. खरी जागा संपली की नवी फाइल जुन्या फाइलवर चढते, आणि मालकाला ते महिन्यांनी कळते. दुसऱ्या प्रकारात सर्व्हर किंवा जुन्या लॅपटॉपमधून काढलेली डिस्क नवे लेबल लावून विकतात. वापरलेली डिस्क वापरलेली म्हणून सांगून विकण्यात काही गैर नाही. गैर आहे ते तिला नवी म्हणणे.

ओळखण्याचे उपाय सोपे आहेत. क्रिस्टलडिस्कइन्फो या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये डिस्क किती तास चालली आणि तिच्यावर किती लिहिले गेले, हे दिसते. हे आकडे पुसणारे महाभागही असतात, म्हणून एचटूटेस्टडब्ल्यू या दुसऱ्या प्रोग्रॅमने डिस्क पूर्ण भरून पुन्हा वाचून पाहावी. रात्री लावून ठेवले की सकाळी निकाल मिळतो. आपले काम तिच्यावर चढवण्यापूर्वीच हे करायचे. बिल पक्के घ्यावे आणि त्यावर डिस्कचा सिरियल नंबर लिहून घ्यावा. तीन किंवा पाच वर्षांच्या वॉरंटीचा आधार तोच आहे. शिवाय जीएसटीत नोंदणी असलेल्या आणि कंपोझिशन योजनेत नसलेल्या व्यापाऱ्याला धंद्यासाठी घेतलेल्या डिस्कवरील १८ टक्के कराचे क्रेडिट मिळते. बिलाशिवाय दोनशे रुपये वाचवणाऱ्याने हा हिशोब कधी केलेला नसतो.

एसएसडीचा एक अवगुण मात्र स्पष्ट सांगितला पाहिजे. हार्ड डिस्क मरण्यापूर्वी बहुधा कुरकुरते, अडखळते. एसएसडी एखाद्या सकाळी काही न सांगता बंद पडते. पुसलेली फाइलही तिच्यातून सहसा परत मिळत नाही, कारण विंडोज ७ पासून आलेल्या ट्रिम या सोयीमुळे डिस्क पुसलेली जागा स्वतःहून साफ करत राहते. वीज न लावता वर्षानुवर्षे कपाटात ठेवली तर कप्प्यांतला भार हळूहळू गळतो, आणि उष्णतेत तो लवकर गळतो. म्हणून लग्नाचे चित्रीकरण किंवा गिऱ्हाइकांची डिझाइन्स एसएसडीवर घालून माळ्यावरच्या पेटीत जपून ठेवणे म्हणजे जपणे नव्हे. त्या कामाला हार्ड डिस्कच बरी, आणि तीही एक नव्हे, दोन.

जुन्या मशीनला आणखी एक मर्यादा आहे. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा सेवा मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद केली, आणि विंडोज ११ साधारण २०१८ पूर्वीच्या मशीनवर अधिकृतपणे चढत नाही. एसएसडी बसवलेली अशी मशीन डिझाइन पंच करायला, प्लेट काढायला, फ्लेक्स जुळवायला खुशाल वापरावी. बँकेचे व्यवहार आणि जीएसटीचे विवरणपत्र मात्र तिच्यावरून भरू नये.

डिस्क बसवून देणारा कारागीर जुनी डिस्क जशीच्या तशी नव्या डिस्कवर उतरवून देतो. हे काम त्याच्यासमोर बसून करवून घ्यावे, त्याआधी महत्त्वाच्या फायलींची वेगळी प्रत काढावी, आणि काढलेली जुनी डिस्क त्याच्याकडे सोडून येऊ नये. तिच्यावर आपल्या गिऱ्हाइकांचे फोन नंबर, फोटो आणि आपले सगळे हिशोब असतात. निदान महिनाभर ती तशीच ठेवावी. नवी डिस्क ठीक चालते याची खात्री पटली की मग ती पुसून त्याच मशीनमध्ये साठ्यासाठी पुन्हा जोडावी.