ग्वाल्हेरच्या गिर्द भागात बरसीमची पेरणी

नवरात्र बसले की ग्वाल्हेर व भोवतालच्या इलाख्यातील पशुपालक बरसीमच्या वाफ्यांची तजवीज करू लागतात. परंतु तिथीवरून पेरणी धरण्याची ही वहिवाट, कितीही जुनी असली तरी, मूळच्या ईजिप्तच्या आणि विसाव्या शतकाच्या आरंभी सिंधमार्गे हिंदुस्थानात आलेल्या या पिकाच्या प्रकृतीस सर्वस्वी मानवणारी नाही. दिवसाचे कमाल व रात्रीचे किमान तापमान यांची बेरीज निम्मी केली असता जो आकडा येतो, तो २५ अंशांच्या आसपास स्थिरावला, की बी टाकावे. येथे हा योग बहुधा ऑक्टोबरच्या उत्तरार्धात येतो. त्याआधी घाई केल्यास कोवळे अंकुर दुपारच्या उन्हात कोमेजतात व तण शिरजोर होते. नोव्हेंबरचा मध्य उलटू दिल्यास उगवण रेंगाळते, आणि एरवी पन्नास-पंचावन्न दिवसांत हाती येणारी पहिली कापणी नेमकी त्या धुक्याच्या दिवसांत सापडते, जेव्हा पारा चार-पाच अंशांपर्यंत उतरून वाढ जवळजवळ खुंटते. अशा वेळी एखादी कापणी मुकाट्याने बुडते, आणि गोठ्यात दूध आटू लागेपर्यंत तिचा हिशोब कोणी मांडत नाही!

हेक्टरी २५ किलो बियाणे प्रथम मिठाच्या पाण्यात सोडून वर तरंगणारे कासनीचे बी काढून टाकावे व राहिलेले स्वच्छ पाण्याने धुवावे. जमिनीत बरसीम प्रथमच घेत असल्यास गुळाच्या पाण्यात कालवलेले बरसीमचे जिवाणूसंवर्धक बियाण्यास चोळून ते सावलीत सुकवावे. वाफ्यात चार बोटे पाणी उभे करावे, गढूळपणा खाली बसू द्यावा आणि वारा पडल्यावर सायंकाळी बी फोकावे. सोबत हेक्टरी दोन किलो मोहरी मिसळावी. चंबळच्या या मुलखात ती घरचीच, शिवाय थंडीतही झपाट्याने वाढून पहिल्या कापणीचे वजन राखणारी. ज्यांची पेरणी लांबलीच, त्यांनी बरसीमचा हट्ट सोडून जई पेरावी, कारण उशिराची थंडी ती अधिक सोसते.

निरभ्र, निवांत रात्री दहिवर गोठण्याचा संभव दिसताच सायंकाळी हलके पाणी द्यावे. फेब्रुवारीत ऊब परतली की पंचवीस-तीस दिवसांच्या अंतराने कापण्या मिळू लागतात. मात्र हा लुसलुशीत चारा उपाशी जनावरापुढे एकटा टाकू नये, कडबा वा भुसा मिसळावा, नाहीतर पोटफुगी ठरलेली. बियाण्यासाठी राखावयाच्या तुकड्यावरील विळा मार्च उतरणीला लागण्यापूर्वी थांबवावा, कारण एप्रिलच्या झळांत फुले येतात, पण दाणा भरत नाही.