तासाभराचा विक्रम आणि उत्पादकतेचा धडा

एखाद्या देशाचे उत्पादन वाढले, असे आपण म्हणतो. ती वाढ अधिक श्रमांमुळे झाली, अधिक भांडवलामुळे झाली की सुधारित तंत्रज्ञानामुळे, हा प्रश्न स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासक्रमात महत्त्वाचा मानला जातो. विद्यार्थी व्याख्या पाठ करतात. परंतु हे घटक एकमेकांपासून वेगळे कसे करावयाचे, हे बहुधा स्पष्ट होत नाही. प्रस्तुत लेखात ट्रॅक सायकलिंगमधील पुरुष व महिलांच्या जागतिक विक्रमांच्या आधारे ही संकल्पना समजावून घेण्याचा प्रयत्न केला आहे. या क्रीडाप्रकारात उत्पादन मीटरमध्ये व वेळ सेकंदाच्या सहस्रांशात मोजली जाते. त्यामुळे हिशेब स्वच्छ राहतो.

विक्रमाची वाटचाल

व्हेलोड्रोमवर एकट्याने ठीक एक तास सायकल चालवून किती अंतर कापले, याला 'तासाचा विक्रम' म्हणतात. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेची (यूसीआय) स्थापना १९०० साली झाली. त्याही आधी, १८९३ मध्ये, फ्रान्सच्या आँरी देग्रांज यांनी पॅरिस येथे ३५.३२५ कि.मी. अंतर नोंदविले होते. पुढील प्रमुख टप्पे असे :

१९७२ – एडी मर्क्स (बेल्जियम), मेक्सिको सिटी : ४९.४३१ कि.मी.
१९८४ – फ्रान्सेस्को मोझेर (इटली), मेक्सिको सिटी : ५१.१५१ कि.मी.
१९९६ – ख्रिस बोर्डमन (ब्रिटन), मँचेस्टर : ५६.३७५ कि.मी.
२००० – ख्रिस बोर्डमन, मँचेस्टर : ४९.४४१ कि.मी.
२०२२ – फिलिप्पो गान्ना (इटली), ग्रेंखेन : ५६.७९२ कि.मी.

ही यादी वाचताना २००० सालचा आकडा खटकतो. विक्रम मागे कसा गेला? याच प्रश्नात आपला धडा दडलेला आहे.

एक दुर्मीळ प्रयोग

मर्क्स यांची सायकल पोलादी नळ्यांची, आऱ्यांच्या चाकांची व खाली वळलेल्या हँडलची होती. मोझेर यांनी भरीव तबकडीची चाके आणली. पुढे हँडलची रचना व शरीराची ठेवण इतकी बदलली, की विक्रम माणसाचा की यंत्राचा, असा वाद उभा राहिला. अखेर २००० साली यूसीआयने निर्णय घेतला, की तासाच्या विक्रमासाठी मर्क्स यांच्या काळाशी मिळतीजुळती सायकलच वापरावी. मधल्या काळातील नोंदी 'सर्वोत्तम मानवी प्रयत्न' या वेगळ्या वर्गात टाकण्यात आल्या. त्याच वर्षी बोर्डमन यांनी जुन्या पद्धतीच्या सायकलवर मर्क्स यांच्यापेक्षा फक्त १० मीटर अधिक अंतर कापले.

सामाजिक शास्त्रांत असा प्रयोग क्वचितच हाती लागतो. खेळाडू तोच, शहर तेच, कालावधी तोच. प्रामुख्याने बदलले ते साधन व बसण्याची पद्धत. १९९६ व २००० मधील फरक ६.९३४ कि.मी. आहे. बोर्डमन चार वर्षांनी मोठे झाले होते, हे लक्षात घेतले तरी या फरकाचा मोठा भाग तंत्रज्ञानाच्या खात्यावर टाकावा लागतो.

वेगाचा हिशेब

ताशी ५० कि.मी.च्या आसपास सायकलस्वाराची बहुतांश शक्ती हवेचा अडथळा दूर सारण्यात खर्च होते. हा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात, तर त्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ४९.४४१ वरून ५६.३७५ ही वाढ सुमारे १४ टक्क्यांची आहे. सायकल, शरीराची ठेवण व हवा तीच राहिली असती, तर एवढ्या वाढीसाठी सुमारे ४८ टक्के अधिक शक्ती लागली असती. कोणताही खेळाडू केवळ सरावाने एवढी वाढ साधू शकत नाही.

अर्थशास्त्रात यालाच घटत्या फलाचा नियम लागू होतो. बाकीचे घटक स्थिर ठेवून एकच घटक वाढवीत गेल्यास प्रत्येक वाढीव मात्रेमागे मिळणारे फळ कमी होत जाते. ही कोंडी फोडण्याचा मार्ग म्हणजे उत्पादनफलनच वर सरकविणे, अर्थात तंत्रज्ञान बदलणे.

रॉबर्ट सोलो यांनी १९५७ मध्ये हेच अमेरिकेच्या अर्थव्यवस्थेबाबत दाखविले. १९०९ ते १९४९ या काळात दर श्रम-तासामागील उत्पादनात झालेल्या वाढीपैकी सुमारे सात-अष्टमांश वाढ भांडवलवाढीने नव्हे, तर तांत्रिक बदलाने स्पष्ट होते, असा त्यांचा निष्कर्ष होता. श्रम व भांडवल यांचा वाटा वजा केल्यावर उरणाऱ्या भागाला 'सोलो अवशिष्ट' किंवा एकूण घटक उत्पादकता म्हणतात. सोलो यांना १९८७ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

भिलाईचे उदाहरण याच चौकटीत पाहता येईल. सोव्हिएत संघाबरोबर १९५५ मध्ये करार झाला आणि १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी सुरू झाली. प्रारंभीची १० लाख टनांची क्षमता टप्प्याटप्प्याने ४० लाख टनांवर गेली. यातील भट्ट्यांची वाढती संख्या ही भांडवलवाढ होय. परंतु ओपन हार्थ भट्टीच्या जोडीला एलडी कन्व्हर्टर व अखंड ओतकाम आले, तो पद्धतीतील बदल होय. दोन्हींमुळे आकडा वाढतो, पण दोन्हींचे स्वरूप एक नाही.

तुलना करताना घ्यावयाची काळजी

अवशिष्टात केवळ तंत्रज्ञान असते असे नाही. जे मोजले गेले नाही, ते सर्व त्यात येऊन पडते. मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवर आहे. तेथील हवा सुमारे एक-पंचमांशाने विरळ असल्याने अडथळा कमी होतो. मँचेस्टर मात्र सखल भागात आहे. म्हणून मर्क्स व बोर्डमन यांच्यातील १० मीटरचा फरक दिसतो तेवढा साधा नाही.

महिलांच्या विक्रमांत हीच काळजी घ्यावी लागते. फ्रान्सच्या जानी लोंगो यांनी १९९६ मध्ये ४८.१५९ कि.मी. अंतर कापले, २००० मध्ये जुन्या पद्धतीच्या सायकलवर त्यांची नोंद ४५.०९४ कि.मी. होती. यूसीआयने २०१४ मध्ये आधुनिक ट्रॅक सायकलला पुन्हा परवानगी दिल्यानंतर आकडे परत वाढले. इटलीच्या व्हितोरिया बुस्सी यांनी २०२३ मध्ये मेक्सिकोतील आग्वासकालिएन्तेस येथे ५०.२६७ कि.मी. नोंदवून महिलांमध्ये प्रथमच ५० कि.मी.चा टप्पा ओलांडला, आणि २०२५ मध्ये तो विक्रम ५०.४५५ कि.मी.वर नेला. बुस्सी यांनी गणितात डॉक्टरेट मिळविलेली आहे, हेही उल्लेखनीय होय.

तासाच्या विक्रमात स्त्री-पुरुषांचे मोजमाप समान आहे. इतर प्रकारांत तसे नव्हते. वैयक्तिक पाठलाग शर्यत पुरुषांसाठी ४ कि.मी., तर महिलांसाठी ३ कि.मी. होती, वेळचाचणीत पुरुषांना १ कि.मी., तर महिलांना ५०० मीटर अंतर होते. २०२५ पासून ही अंतरे समान करण्यात आली. मोजपट्टी बदलली की जुनी मालिका तुटते. निर्देशांकाचे आधारवर्ष बदलल्यावर जुन्या व नव्या आकड्यांची थेट तुलना करू नये, तसेच हे आहे.

भारतातील स्थिती

आता प्रश्न आपल्याकडचा. भारत हा चीनखालोखाल सायकलींचे उत्पादन करणारा देश आहे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताच्या सायकल संघात मुंबईच्या खेळाडूंचा मोठा भरणा होता. मात्र १९६४ नंतर भारतीय सायकलपटू ऑलिंपिकमध्ये दिसलेला नाही. पुण्याजवळील म्हाळुंगे-बालेवाडी येथे १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभारलेल्या संकुलात व्हेलोड्रोम आहे. परंतु छताखालील, २५० मीटरची लाकडी धाव असलेला व्हेलोड्रोम देशात २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या निमित्ताने दिल्लीत आला. आंतरराष्ट्रीय विक्रम अशाच धावेवर होतात.

याचे फळ दिसू लागले आहे. २०१९ मध्ये भारताच्या कुमार संघाने जागतिक स्पर्धेत सांघिक स्प्रिंटचे सुवर्णपदक मिळविले. महाराष्ट्राच्या मयूरी लुटे व शुशिकला आगाशे यांनी २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत देशाचे प्रतिनिधित्व केले. भिलाईहून नागपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील भंडारा जिल्ह्याच्या ज्योती गडेरिया २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये सायकलिंगच्या स्पर्धेत उतरल्या. गुणवत्ता जिल्ह्याजिल्ह्यांत आहे, हे यावरून स्पष्ट होते. मात्र योग्य धाव, वायुबोगद्यातील चाचणी व कार्बन तंतूची सायकल ही साधने मोजक्या ठिकाणी एकवटलेली आहेत. या साधनांअभावी सोसावे लागणारे नुकसान किती मोठे असू शकते, हे बोर्डमन यांच्या दोन आकड्यांनी दाखविलेच आहे. भंडारा किंवा भिलाई येथील मुलीने दुप्पट सराव केला तरी ती उणीव भरून निघणार नाही.

'क्रीडा' हा विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत, नोंद ३३ मध्ये येतो. त्यामुळे पायाभूत सुविधांची प्राथमिक जबाबदारी राज्यांची ठरते. 'खेलो इंडिया'सारख्या केंद्रीय योजना तिला पूरक आहेत. व्हेलोड्रोमचा खर्च मोठा व वापरकर्ते थोडे असल्याने खासगी गुंतवणूक स्वतःहून येण्याची शक्यता कमी. म्हणून प्रत्येक जिल्ह्यात व्हेलोड्रोम बांधणे हा उपाय नव्हे. काही राज्यांनी मिळून एक सुसज्ज केंद्र चालवावे व जिल्ह्यांतून निवडलेल्या मुलामुलींच्या प्रवास-निवासाचा खर्च उचलावा, हा मार्ग अधिक व्यवहार्य वाटतो.

थोडक्यात, विक्रमाचा आकडा पाहताना श्रम, साधन, पद्धत, परिस्थिती व नियम हे पाच घटक वेगळे करावेत. विकासदराचा आकडा वाचतानाही हीच सवय उपयोगी पडेल.

सरावासाठी प्रश्न

१. एकूण घटक उत्पादकता म्हणजे काय? सोलो अवशिष्टाच्या मर्यादा सांगा.
२. घटत्या फलाचा नियम कोणत्या गृहीतकांवर आधारलेला आहे? तांत्रिक बदलाने त्यात काय फरक पडतो?
३. क्रीडा पायाभूत सुविधांबाबत केंद्र व राज्य यांच्या भूमिकांचे परीक्षण करा.