नाकाचा पडदा वाकडा असल्यास शस्त्रक्रिया केव्हा करावी?

पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कंपनीची स्थापना झाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आल्यानंतर भोसरी, चिंचवड आणि पुढे चाकणपर्यंत कारखानदारी विस्तारत गेली. फाउंड्री, ग्राइंडिंग, रंगफवारणी, प्लेटिंग या कामांत धूळ, धूर आणि वाफारे यांच्याशी कामगाराच्या नाकाचा रोजचा संबंध येतो. नाक सतत चोंदू लागले, की “नाकाचे हाड वाढले आहे, कापून टाकावे लागेल” असे निदान पुष्कळदा शेजारीपाजारीच करून टाकतात. वस्तुतः हाड वाढलेले नसते. नाकाच्या मधला पडदा एका बाजूस कललेला असतो. तो कललेला आहे एवढ्यावरून शस्त्रक्रियेची गरज ठरत नाही.

पडद्याची रचना

दोन नाकपुड्यांमधील हा पडदा पुढील भागात लवचीक कूर्चेचा, तर मागील भागात पातळ हाडाचा असतो. तो अगदी सरळ असलेली माणसे थोडीच. बहुतेक प्रौढांत तो कमीअधिक वाकलेला असतो आणि त्याचा त्यांना त्रासही होत नाही. शिवाय निरोगी माणसातही नाकाच्या बाजूच्या भिंतींवरील मऊ अस्तर काही तासांच्या अंतराने आळीपाळीने फुगते व ओसरते. म्हणून कधी उजवी, तर कधी डावी नाकपुडी चोंदत असेल, तर दोष पडद्यातच आहे असे समजू नये. वाकलेल्या पडद्याचा अडथळा बहुधा एकाच बाजूस आणि बाराही महिने जाणवतो.

प्रथम औषधोपचार

धुळीच्या वावड्यामुळे अस्तर सुजते व नाक बंद होते. शिंका, खाज, पाण्यासारखा स्राव आणि सुटीच्या दिवशी वाटणारा आराम ही त्याची लक्षणे होत. अशा रुग्णाचा पडदा सरळ केला, तरी सूज कायम राहते. यासाठी मिठाच्या पाण्याने नाक धुणे, डॉक्टरांच्या सल्ल्याने स्टेरॉइडचा फवारा काही आठवडे नियमित वापरणे आणि कामावर योग्य मुखवटा वापरणे हे उपाय आधी करावेत. नाक झटपट मोकळे करणारे थेंब मात्र पाच-सात दिवसांपेक्षा अधिक वापरू नयेत. त्यांच्या सवयीनेच नाक पुन्हा चोंदू लागते.

शस्त्रक्रिया केव्हा योग्य?

औषधे नीट घेऊनही श्वासाचा अडथळा कायम आहे, त्याने झोप व काम यांत व्यत्यय येतो आणि दुर्बिणीने तपासता पडदा त्याच बाजूस वाकलेला दिसतो, या तिन्ही गोष्टी जुळल्या तर शस्त्रक्रिया योग्य ठरते. वाकलेल्या टोकामुळे वारंवार रक्त येणे, किंवा सायनसचा मार्ग अडून पुन्हापुन्हा संसर्ग होणे, हीदेखील कारणे होऊ शकतात. ब्रिटनमधील १७ रुग्णालयांत ३७८ प्रौढांवर झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, सहा महिन्यांनंतर केवळ फवारे घेणाऱ्यांपेक्षा शस्त्रक्रिया झालेल्यांना स्पष्टपणे अधिक आराम पडला. मात्र हे सर्व रुग्ण नाकाच्या अडथळ्याने त्रस्त असलेले, निवडून घेतलेले होते.

केवळ घोरणे थांबावे किंवा डोकेदुखी जावी म्हणून ही शस्त्रक्रिया करणे सहसा योग्य नव्हे. वाढत्या वयातील मुलांत, त्रास तीव्र नसल्यास, चेहऱ्याची वाढ पूर्ण होईपर्यंत थांबणे इष्ट असते.

शस्त्रक्रिया नाकपुडीच्या आतून होते. बाहेर व्रण राहत नाही. त्यानंतर साधारणतः एक-दोन आठवडे धूळ व अवजड काम टाळावे लागते. रक्तस्राव, संसर्ग, पडद्यास छिद्र पडणे किंवा अडथळा काही अंशी उरणे हे धोके थोड्या रुग्णांत संभवतात. त्यांची कल्पना रुग्णास आधीच द्यावयास हवी.

दोन गोष्टींत विलंब नको

क्रोम प्लेटिंगच्या टाक्यांवरील आम्लयुक्त वाफाऱ्याने नाकाच्या पडद्यास व्रण व पुढे छिद्र पडू शकते. सुरुवातीस वेदना नसल्याने त्याकडे दुर्लक्ष होते. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत क्रोमच्या व्रणांचा समावेश करण्यात आला होता, यावरून या विकाराचे गांभीर्य लक्षात यावे. येथे पडदा सरळ करून उपयोग नाही. वाफारा खेचून घेणारी यंत्रणा आणि नियमित नाकतपासणी हाच मार्ग होय.

दुसरी गोष्ट नाकावरील माराची. कबड्डीत किंवा अपघातात मार लागल्यावर नाक दोन्ही बाजूंनी चोंदून दुखू लागले, तर पडद्याच्या आवरणाखाली रक्त साठलेले असू शकते. कूर्चेला रक्तपुरवठा त्या आवरणातूनच होत असल्याने काही दिवसांतच ती नष्ट होऊन नाक बसते. अशा मुलास शिक्षकांनी त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.

पिंपरी येथील महानगरपालिकेच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात किंवा पुण्याच्या ससून रुग्णालयात कान-नाक-घसा तज्ज्ञांचा सल्ला मिळू शकतो. चाकण परिसरातील पंचायत सदस्यांनी ही माहिती कामगार कुटुंबांपर्यंत पोहोचवावी. शस्त्रक्रियेस संमती देण्यापूर्वी रुग्णाने दोन प्रश्न अवश्य विचारावेत : माझा त्रास पडद्यामुळेच आहे हे कशावरून ठरले, आणि औषधोपचार पुरेसे दिवस करून पाहिले आहेत काय? याची समाधानकारक उत्तरे मिळाली, तर शस्त्रक्रियेस भिण्याचे कारण नाही. न मिळाल्यास घाई करण्याचेही कारण नाही.