हवेचा हिशेब

चि. बाळ यास,


तुझ्याकडे आलेली गाडी तेरा वर्षांची, १.३ लिटर डिझेल. चढाला पिकअप नाही, एव्हरेज पडलंय, चेक इंजिनचा दिवा लागलाय आणि स्कॅनरवर पी०१०१ हा कोड आलाय. एअरफ्लो सेन्सर गेला, बदलून टाका, असं मालकाला कुणीतरी आधीच सांगून ठेवलंय. नवा सेन्सर मागवू का, एवढंच तू विचारलंस. मामाचं उत्तर असं की आज मागवू नकोस. इंजिनात किती हवा जायला हवी याचा हिशेब आधी मांड, मग सेन्सर किती सांगतोय ते बघ, आणि दोन्हींत फरक निघाला तर तो कुठून आला हे शोध. अस्सल सेन्सरला काही हजार रुपये पडतात. ते मालकाच्या खिशातून जाणार आणि दोष दुसरीकडे असेल तर गाडी आठवड्यात परत येणार.

हे इंजिन नीट शिकून घेण्यासारखं आहे. फियाटचं हे १२४८ सीसीचं इंजिन भारतात स्विफ्ट आणि डिझायरमध्ये आलं, टाटांच्या इंडिका व्हिस्टामध्ये आलं, फियाटच्या पुंटो-लिनियातही आलं. पुण्याजवळच्या रांजणगावातही ते तयार होत असे. २०२० साली बीएस-६ लागू झालं तेव्हा मारुतीनं डिझेल गाड्या बंद केल्या, पण रस्त्यावरच्या जुन्या गाड्या गॅरेजमध्ये अजून बरीच वर्षं येत राहतील.

कोडचा अर्थ आधी नीट लावावा. पी०१०२ म्हणजे सेन्सरचा सिग्नल फार खाली, पी०१०३ म्हणजे फार वर. दोन्ही वेळा पहिला संशय वायर, कपलर आणि सप्लायवर घ्यायचा. पी०१०४ म्हणजे सिग्नल मधेच येतो, मधेच जातो. तेव्हा इंजिन चालू ठेवून वायरिंग हलवून बघायचं. पी०१०१ मात्र वेगळा. सेन्सर बोलतोय, वायरही शाबूत असावी, पण आकडा ईसीयूच्या, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाच्या, अंदाजाशी जुळत नाही, एवढंच तो कोड सांगतो. चूक सेन्सरची की हवा खरंच कमी येतेय, हे त्याला कळत नाही. ते मेकॅनिकनं शोधायचं असतं.

सेन्सरचं काम डोक्यात पक्कं असलं की पुढचं सोपं जातं. १९७४ मध्ये बॉशनं आणलेल्या एल-जेट्रॉनिकमध्ये हवेच्या वाटेत स्प्रिंगची झडप असे, आणि ती हवेनं किती ढकलली जाते त्यावरून मोजमाप होई. १९८० च्या दशकात तापलेली तार आली. गरम चहावर फुंकर जितकी जोरात, तितका तो लवकर निवतो. त्याच नियमानं हवा तारेला थंड करते, आणि तारेचं तापमान टिकवायला लागणाऱ्या करंटवरून हवेचं वजन कळतं. त्या जुन्या सेन्सरांत इंजिन बंद केल्यावर तार क्षणभर सुमारे १००० अंश सेल्सियसपर्यंत तापवून तिच्यावरची घाण जाळली जाई. आता तारेच्या जागी पातळ फिल्म असते आणि ती घाण साचू नये अशी रचना असते. हा सेन्सर हवेचं वजन मोजतो, आकारमान नाही. म्हणून महाबळेश्वरला हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा सुमारे १५ टक्क्यांनी कमी असला तरी ईसीयूला खरा आकडा मिळतो.

डिझेल गाडीत या आकड्यावर मुख्यतः दोन कामं चालतात. एक, धूर होऊ नये म्हणून डिझेलला किती वरची मर्यादा घालायची ते ठरवणं. दुसरं, ईजीआर व्हॉल्व्ह किती उघडायचा ते ठरवणं, म्हणजे जळालेला किती वायू परत इंजिनात सोडायचा. आकडा खोटाच कमी आला तर ईसीयू डिझेल आखडतं आणि गाडी ओढत नाही, पण काळा धूरही फारसा दिसत नाही. म्हणून मालकाला धुराबद्दल नक्की विचार.

धूर आहे की नाही, यावरून शोधाची दिशा ठरते. टर्बोच्या पुढचा, इंटरकूलरकडचा होज फाटला असेल तर सेन्सरनं मोजलेली हवा सिलिंडरपर्यंत पोचतच नाही. डिझेल मोजलेल्या हवेच्या मानानं पडतं आणि रेस दिली की काळा धूर निघतो. जोडावर बाहेरून तेलकट ओल दिसली की हीच जागा धरायची. उलट, सेन्सर आणि टर्बोच्या मधला होज चिरला असेल तर न मोजलेली हवा आत शिरते. सेन्सर कमी सांगतो, पिकअप जातो, धूर नसतो, आणि धुळीची हवा थेट टर्बोवर आदळते. फिल्टरच्या डब्याची एखादी क्लिप उघडी राहणं, फिल्टर चोंदणं किंवा सेन्सर उलट्या दिशेनं बसवणं, ही कारणं दहा मिनिटांत डोळ्यांनी सापडतात. ती आधी निस्तरावीत.

आता त्या युक्तीबद्दल, जी तुला गॅरेजमध्ये कुणीतरी नक्की शिकवेल : कपलर काढ, गाडी सुधारली तर सेन्सर खराब. पेट्रोल गाडीत या युक्तीला थोडाफार अर्थ आहे, कारण ईसीयू मग ठरावीक आकड्यांवर इंजिन चालवतं. डिझेलमध्ये ती फसवते. सेन्सरचा सिग्नल गेला की बहुतेक ईसीयू ईजीआरही बंद करतात. मग काजळीनं जाम होऊन पूर्ण न मिटणारा ईजीआर हाच खरा दोष असला, तरी नवी आज्ञा मिळताच तो थोडा मिटतो आणि गाडी हलकी वाटू लागते. मेकॅनिक खूश होतो आणि चुकीचा पार्ट मागवतो. कपलर काढून गाडी तशीच मालकाच्या हवाली करणं तर अजिबातच नको.

त्यापेक्षा गणित मांड. १२४८ सीसीचे चार सिलिंडर, म्हणजे प्रत्येकी ३१२ सीसी. पुण्याच्या उंचीवर, ३० अंश तापमानात एक लिटर हवेचं वजन साधारण १.१ ग्रॅम भरतं. म्हणजे टर्बोचा दाब नसताना एका सिलिंडरमध्ये एका स्ट्रोकला फार तर ३४० मिलिग्रॅम हवा मावते, आणि प्रत्यक्षात भरते त्याहून थोडी कमी. इंजिन पूर्ण गरम, आयडलिंग स्थिर, ईजीआर पूर्ण बंद, अशा वेळी आकडा ३०० च्या आसपास यायला हवा. स्कॅनर ग्रॅम प्रति सेकंद दाखवत असेल तर ८५० आरपीएमला मिनिटाला १७०० वेळा हवा आत ओढली जाते, म्हणजे सेकंदाला साधारण साडेआठ ग्रॅम. ईजीआर उघडा असताना हाच आकडा बराच खाली येतो आणि तो दोष नसतो. म्हणून ईजीआर बंद आहे ही खात्री झाल्याशिवाय वाचलेल्या आकड्यावर निकाल देऊ नये.

समज, ईजीआर बंद करण्याची आज्ञा दिली तरी आकडा २०० वरच अडकला. तर व्हॉल्व्ह नीट मिटत नाही, किंवा सेन्सर कमी सांगतोय, किंवा मधला होज फुटलाय. होज तर तू पाहिलाच आहेस. आता इंजिन थंड झाल्यावर ईजीआरच्या जोडात पातळ पत्रा घालून तो मार्ग तात्पुरता बुजव आणि पुन्हा वाच. आकडा ३०० कडे चढला तर दोष ईजीआरचा, सेन्सर निर्दोष. आकडा जागचा हलला नाही तर संशय सेन्सरवर पक्का होतो. चाचणी संपली की पत्रा काढून टाकायचा. तो कायमचा ठेवला तर नायट्रोजन ऑक्साइड वाढतात. डिझेलच्या पीयूसीत फक्त धूर मोजला जातो, म्हणून ते तिथे पकडले जात नाहीत, पण रस्त्यावरच्या माणसांच्या छातीत जातातच.

यावर रस्त्यावरची एक तपासणी करावी. कात्रजसारख्या घाटाच्या चढावर तिसऱ्या गियरमध्ये पूर्ण पेडल, स्कॅनर शेजारी बसलेल्याच्या हातात. चालवणाऱ्यानं पडद्याकडे बघायचंच नाही. टर्बोचा दाब वातावरणाच्या दुपटीजवळ पोचला तर हवा स्ट्रोकला ५०० मिलिग्रॅमच्या वर जायला हवी. दाब मागितला तितका मिळतोय आणि हवेचा आकडा मात्र खाली, तर सेन्सर खोटं सांगतोय. दोन्ही खाली असतील तर होज, टर्बो किंवा त्याचा नियंत्रक बघायचा.

पार्ट मागवण्याआधी मल्टिमीटर मात्र लागतोच. कपलरवर १२ व्होल्ट येतात का ते बघ. इंजिन चालू असताना सेन्सरची अर्थ वायर आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यातला फरक ०.१ व्होल्टपेक्षा जास्त नको, कारण गंजलेल्या अर्थमुळे चांगला सेन्सरही चुकतो. व्होल्टेजवर चालणाऱ्या हॉट-फिल्म सेन्सरवर इंजिन बंद, चावी चालू असताना साधारण १ व्होल्ट दिसतो. काही सेन्सर फ्रिक्वेन्सीवर चालतात, त्यांना हा नियम लागत नाही.

साफ करून बघणं योग्यच, पण एअरफ्लो सेन्सरच्या खास स्प्रेनंच. कार्बोरेटर क्लीनर, पेट्रोल, कापूस, ब्रश यातलं काहीही फिल्मला लागू नये. पूर्ण वाळल्याशिवाय कपलर जोडायचा नाही. तेल लावलेला कापडी फिल्टर गाडीत असेल तर ते तेलच फिल्मवर बसलेलं असू शकतं.

हा सेन्सर असलेली पेट्रोल गाडी आली तर फ्यूएल ट्रिम वाच. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांत तो नसतोच, दाबाचा सेन्सर असतो, म्हणून आधी बॉनेट उघडून खात्री कर. मळलेला सेन्सर बहुधा आयडलिंगला जास्त आणि जोरात कमी सांगतो. मग ट्रिम आयडलिंगला उणे आणि लोडवर अधिक दिसतो. व्हॅक्यूम गळतीत उलट असतं : आयडलिंगला अधिक, आणि रेस वाढवली की शून्याकडे.

उद्या कामाला लागलास की जॉब कार्डवर चार आकडे लिही : ईजीआर जोडलेला असताना, बंद असताना, पत्रा घातल्यावर, आणि घाटात पूर्ण पेडलवर. मालकाला तेच दाखवून बोल. सेन्सर बदलावाच लागला तर बदलल्यावर हेच चार आकडे पुन्हा घे आणि जुना सेन्सर मालकाच्या हातात दे. ईजीआर निघाला तर साफ करून बसवताना गॅस्केट नवीन घाल, जुनं परत वापरू नकोस. आकडे आले की लगेच कळव, रात्री उशीर झाला तरी चालेल.

तुझा,
मामा