गाडीच्या डोक्यात शिरायचं, पण कुठल्या दारानं?

रविवारी सकाळी चेलाडी फाट्यावरून नसरापूरमार्गे वेल्ह्याकडे बाइकांची रांग निघाली, की रस्त्याकडेच्या गावांतल्या पोरांचे कान टवकारतात. त्यातला एखादा रात्री मोबाइलवर रिमॅपचे व्हिडिओ बघत बसतो आणि दहावीच्या निकालानंतर घरात जाहीर करतो, "मला गाड्या ट्यून करायच्यात." आईच्या डोळ्यांपुढे ग्रीसनं माखलेले कपडे येतात. पोरगं हातचं गेलं, असं वडिलांच्या मनात येतं. दोघांची भीती खरी आहे, पण तिनं भलतंच दार धरलंय.

पूर्वी ट्रकचा 'पंप वाढवणारा' मिस्त्री डिझेल पंपाचा स्क्रू जरासा फिरवायचा. गाडी जोरात ओढायची आणि मागे काळा धूर सोडायची. तो स्क्रू आता ईसीएम नावाच्या डब्यात जाऊन बसलाय. क्रँक कुठे आहे, अ‍ॅक्सिलरेटर किती दाबलाय, हवा किती आत येतेय, पाणी किती तापलंय, हे सेन्सर कळवतात. त्यावरून इंधन किती आणि कोणत्या क्षणी फवारायचं, ते ईसीएम आत साठवलेल्या तक्त्यांतून ठरवतो. या तक्त्यांना म्हणतात मॅप. त्यातले आकडे बदलले की झाला रिमॅप. टर्बो डिझेलमध्ये हवेचा दाब आणि डिझेल दोन्ही वाढवता येतं, म्हणून फरक जाणवतो. टर्बो नसलेल्या साध्या पेट्रोल गाडीत तो नावापुरताच.

ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या स्वस्त 'पॉवर चिप'ची गंमत तर आणखीच. कित्येकदा त्या डबीत एक रेझिस्टर असतो, बाकी काही नाही. हवेचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरच्या वायरीत तो बसतो आणि हवा थंड आहे अशी थाप मारतो. ईसीएम बिचारा विश्वास ठेवून थोडं जास्त पेट्रोल सोडतो. ती डबी फोडून बघणाऱ्या पोराला ओहमचा नियम वर्गापेक्षा लवकर कळेल, एवढाच तिचा उपयोग.

या धंद्यात सगळेच भामटे नाहीत. बेंगळुरूच्या रेस डायनॅमिक्स कंपनीचं 'पॉवरट्रॉनिक' हे मूळ ईसीएमच्या जोडीला बसणारं यंत्र चाकणच्या बजाज कारखान्यात बनणाऱ्या केटीएम बाइकवाल्यांना चांगलंच ठाऊक आहे. असं यंत्र घडवायला इलेक्ट्रॉनिक्स आणि प्रोग्रॅमिंगचं पक्कं शिक्षण लागतं. लॅपटॉप लावून दुसऱ्याची फाइल चढवणाऱ्या पोराला गाडी 'पळते' एवढंच कळतं. का पळते ते सांगता येत नाही.

कायद्याचं पालकांनी आधी समजून घ्यावं. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करू देत नाही आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते ठासून सांगितलं. 2019 च्या दुरुस्तीनंतर मालकाला अशा प्रत्येक बदलापोटी 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. 1 एप्रिल 2020 पासून धुराचे बीएस-6 निकष आले; धुराची गाळणी काढून ईसीएमला गप्प बसवणं ही आता निव्वळ हौस राहिलेली नाही. वॉरंटी जाते ती वेगळीच. शिवाय भरलेला पिकअप वरंध घाट चढताना वाढीव डिझेलची उष्णता टर्बो आणि इंजिनालाच सोसावी लागते.

पण मॅपमधले हेच आकडे एका मोठ्या कंपनीनं लबाडीनं लिहिले, तेव्हा ती लबाडी पकडणारेही अभियंतेच होते. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांमधलं सॉफ्टवेअर प्रयोगशाळेतली चाचणी ओळखून तेवढ्यापुरता धूर कमी करायचं. रस्त्यावर पुन्हा येरे माझ्या मागल्या. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या चमूनं मोजणीची यंत्रं गाडीतच ठेवून तिला रस्त्यावर पळवलं आणि ही तफावत उघडी पडली. त्या चमूत अरविंद तिरुवेंगडम आणि हेमंत कप्पण्णा हे दोन भारतीय होते. 2015 मध्ये प्रकरण जगभर गाजलं. भारतात तपासणी केली पुण्याच्या वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या संस्थेनं. त्यानंतर कंपनीनं 3,23,700 गाड्या परत बोलावल्या, आणि दुरुस्ती होती मुख्यतः सॉफ्टवेअर बदलण्याची.

मॅप लिहिण्याचं हेच काम रीतसरही चालतं, तेही भोरच्या पोराला बसनं गाठता येईल इतक्या अंतरावर. त्याला कॅलिब्रेशन म्हणतात: इंजिनाचे तक्ते भरायचे, थंडीत, उन्हात, घाटात गाडी नेऊन ते तपासायचे. पुण्यात एआरएआय आहे, टाटा मोटर्स, कमिन्स, केपीआयटी आहेत, गाडीच्या नेटवर्कची साधनं बनवणारी व्हेक्टर आहे. गाडीचं सॉफ्टवेअर आता मोबाइलसारखं दुरूनही बदलतं. ते सुरक्षितपणे कसं बदलावं यासाठी संयुक्त राष्ट्रांचे नियम 2021 मध्ये लागू झाले, म्हणून तपासणारी माणसंही लागतात.

वाट एकच नाही. दहावीनंतर आयटीआयत मेकॅनिक मोटर व्हेइकल किंवा इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड करून डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. डिप्लोमानंतर तसंच इंजिनिअरिंगला. धांगवडीला राजगड ज्ञानपीठाचं अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, म्हणजे घर सोडायलाही नको. 'मेकॅनिकल घे, गाड्यांसाठी तेच' हा सल्ला मात्र जुना झाला. या कामात इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटरवाले तितकेच लागतात. गणित कच्चं असेल तर आयटीआयची वाट कमीपणाची मुळीच नाही. पिकअपचा चेक लाइट का लागला हे स्कॅनर लावून नीट सांगणारा, उगाच पार्ट न बदलणारा मिस्त्री गावाला हवाच असतो.

पोराचा कल खरा की व्हिडिओपुरता, हे बघायचं तर फी भरण्याआधी ईसीएममधले आकडे दाखवणारा एक साधा ओबीडी रीडर घ्यावा. बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगखाली त्याचं सॉकेट असतं. फक्त वाचायचं, काही लिहायचं नाही, एवढी अट घालावी. मग वडिलांनी गाडी पाबे घाटातून न्यावी आणि पोरानं शेजारी बसून दर वळणाला पाण्याचं तापमान, इंजिनाचे फेरे आणि त्यावरचा भार वहीत उतरवावा. माथ्यावर चहा घेताना त्याला एवढंच विचारावं, की तिसऱ्या वळणावर आकडा एकदम का चढला.