जठराचे श्लेष्मल कवच आणि वेदनाशामक गोळ्या

जठरातील आम्ल मांसही पचविते. मग ते जठरालाच का पचवीत नाही? अस्तरावरील श्लेष्म्याच्या पातळ थरात बायकार्बोनेट धरून ठेवलेले असते. त्यामुळे पोकळीत सामू 1 ते 2 असतानाही पेशींलगत तो 7 च्या जवळ राहतो. या दोन्ही स्रावांना प्रोस्टाग्लँडिने चालना देतात आणि डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारखी वेदनाशामके नेमकी त्यांचीच निर्मिती रोखतात.

कंग्राळीत शेतीच्या हंगामात कंबर धरली की दुकानातून गोळी आणली जाते. 'जेवूनच घेतली' हे रुग्णाचे समाधान (आणि कधी आपलेही) अपुरे आहे. औषध रक्तावाटे पोहोचून कवच विरळ करते. इंजेक्शननेही तेच घडते. पूर्वी अल्सर झालेल्या अथवा रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्या वृद्धांनी अशी गोळी परस्पर घेऊ नये. शौच डांबरासारखे काळे झाल्यास रक्तस्राव समजून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.