स्टार्टरमधली काळी रेघ

प्रश्न : विहिरीवरच्या मोटरच्या स्टार्टरमध्ये बॅकेलाइटवर मुळांसारख्या काळ्या रेघा उमटल्या आहेत. घासून साफ केल्या तर चालेल का? – एक शेतकरी, जळगाव जामोद

उत्तर : नाही, घासू नका. ती काजळी नसून जळून कोळसा झालेले बॅकेलाइटच आहे, आणि कोळशातून वीज वाहते. मेन स्विच बंद करा आणि वायरमनकडून तो भाग आजच बदलून घ्या.

तुमचा भाग खारपाणपट्ट्यातला. धुळीवर खारट ओल बसली की पृष्ठभागावरून बारीक प्रवाह वाहतो, ओल जागोजागी सुकते, तिथे ठिणग्या उडतात आणि रेघ पुढे सरकते. प्रयोगशाळेतली चाचणी हेच घडवून आणते. चार मिलिमीटर अंतरावरच्या दोन प्लॅटिनम अग्रांमध्ये नवसागराच्या ०.१ टक्का द्रावणाचे थेंब दर ३० सेकंदांनी पडतात. ज्या सर्वाधिक व्होल्टेजवर पदार्थ ५० थेंब सोसतो, तो त्या पदार्थाचा ‘सीटीआय’. चाचणी ६०० व्होल्टपर्यंतच होते. साधे बॅकेलाइट बहुधा दोनशेच्या आतबाहेरच अडखळते, मेलामाइन मात्र सहसा ६००पर्यंत टिकते.

म्हणून नवा भाग घेताना सीटीआय विचाराच. दुकानदाराला ठाऊक नसेल, तर कंपनीच्या माहितीपत्रकात पाहा. पेटीचे रबर पॅकिंगही बदला. ओल बहुतेक तिथूनच शिरते.